पंचाचा चेहरा

फुटबॉलच्या पंचाविषयी एक वाक्य गेली कित्येक दशके समालोचक, प्रशिक्षक आणि खुद्द पंचही एकमेकांना ऐकवत आले आहेत : उत्तम पंच तोच, जो सामन्यात दिसत नाही. सामना संपल्यावर प्रेक्षकांना पंचाचे नावही आठवले नाही, म्हणजे त्याने आपले काम चोख केले, असा त्याचा आशय. वरकरणी ते विनयाचे आणि शहाणपणाचे वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर ते ओळखीचेही वाटेल. समीक्षकाने स्वतःला मध्ये आणू नये, परीक्षकाने आपली आवडनिवड दाराबाहेर ठेवावी, मूल्यमापन वस्तुनिष्ठ असावे, ही आपल्याकडची वाक्ये त्याच कुळातली आहेत. न्याय करणाऱ्याने अदृश्य व्हावे, त्याचे 'मी'पण जितके कमी तितका त्याचा न्याय शुद्ध, अशी एक समजूत या सगळ्यांच्या मुळाशी असते.

ही समजूत मला चुकीची वाटते. ती का, हे सांगण्यासाठी मुद्दामच साहित्याबाहेरचे उदाहरण घेतो आहे, कारण तिथे निकाल क्षणात लागतो आणि हजारो डोळ्यांसमोर लागतो. उदाहरण आहे पिएरलुइजी कोलिना या इटालियन पंचाचे. फुटबॉल थोडेफार पाहणाऱ्यालाही तो नावाने नाही तरी चेहऱ्याने ठाऊक असतो : तुळतुळीत डोके, भुवयांचाही मागमूस नसलेले कपाळ आणि समोरच्याला जागच्या जागी खिळवणारे निळे डोळे. 'न दिसण्याची' कसोटी लावली तर त्याच्याइतका नापास पंच दुसरा सापडायचा नाही. आणि तरीही फुटबॉलच्या इतिहास व आकडेवारीची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ ते २००३ अशी सलग सहा वर्षे त्यालाच जगातला सर्वोत्तम पंच ठरवले. सर्वांत जास्त दिसणारा पंच सर्वांत विश्वासार्ह कसा ठरला, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आधी शब्दांविषयी थोडे. मराठीत 'पंच' म्हणताना आपण एका माणसाला समूहाचे नाव देत असतो. गावचे पंच पाच, निदान कल्पनेत तरी. 'पाचामुखी परमेश्वर' या म्हणीतला परमेश्वर एका तोंडाने बोलत नाही. इंग्रजीतल्या 'रेफरी' या शब्दाचा प्रवास वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात हा खेळ आकाराला येत होता तेव्हा वाद झाला तर दोन्ही संघांचे कर्णधार तो आपसांत मिटवीत. पुढे प्रत्येक संघाचा एक, असे दोन अंपायर आले. त्यांचेही एकमत झाले नाही तर प्रकरण ज्याच्याकडे सोपवायचे, तो रेफरी. तो मैदानाबाहेर उभा असे आणि विचारल्याखेरीज बोलत नसे. १८९१ साली नियम बदलला. रेफरी मैदानात आला. अंपायर सीमारेषेवर गेले आणि त्यांचे लाइन्समन झाले. आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी ती एकटी, खेळाडूंच्या गर्दीत धावणारी, शिट्टी वाजवणारी व्यक्ती तेव्हा जन्माला आली. न्याय बाहेरून आत आला, आणि आत आल्याबरोबर तो सगळ्यांना दिसू लागला.

नियमपुस्तिकाही या माणसाला अदृश्य होऊ देत नाही. फुटबॉलचे नियम अवघे सतरा. त्यांतला पाचवा पंचाविषयीचा. पंचाने नियमांना आणि खेळाच्या आत्म्याला धरून, आपल्या मतानुसार निर्णय द्यावा, आणि खेळातील वस्तुस्थितीविषयीचा त्याचा निर्णय अंतिम समजावा, असे तो नियम सांगतो. 'मत' हा शब्द इथे पळवाट म्हणून आलेला नाही. सगळी रचनाच त्यावर उभी आहे. प्रतिस्पर्ध्याला पाडणे निष्काळजीपणाचे होते, बेदरकारपणाचे होते की त्यात अवाजवी बळ वापरले गेले, यावर शिक्षेचे स्वरूप ठरते : पहिल्याला नुसती फ्री किक, दुसऱ्याला पिवळे कार्ड, तिसऱ्याला लाल. फरक तीन विशेषणांचा आहे आणि विशेषणांचा अर्थ कोणतेही यंत्र मोजून देत नाही. संहितेला अर्थ देणारा वाचक लागतो, हे आपल्या वर्गात वारंवार सांगितले जाणारे सत्य फुटबॉलच्या कायद्यात मुळातच लिहिलेले आहे.

आता त्या वाचकाच्या आयुष्याकडे वळू. कोलिनाचा जन्म १३ फेब्रुवारी १९६० चा, बोलोन्याचा. स्थानिक संघात तो बचावपटू म्हणून खेळत असे. १९७७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी त्याने पंचांचा अभ्यासक्रम केला आणि खेळण्यापेक्षा हेच आपल्याला अधिक जमते असे त्याला आढळले. १९८४ मध्ये बोलोन्या विद्यापीठातून त्याने अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे व्हियारेज्जो या समुद्रकाठच्या गावी तो आर्थिक सल्लागार म्हणून काम करू लागला. वयाच्या चोविसाव्या वर्षी अ‍ॅलोपेशियाच्या विकाराने त्याचे सगळे केस गेले. ज्या चेहऱ्याने पुढे त्याला जगभर ओळख दिली, तो असा एका आजारातून आलेला होता. १९९१ मध्ये तो इटलीच्या वरच्या साखळ्यांत पोहोचला, १९९५ मध्ये फिफाच्या यादीत आला. १९९६ च्या ऑलिंपिकचा नायजेरिया–अर्जेंटिना अंतिम सामना, १९९९ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आणि ३० जून २००२ रोजी योकोहामात झालेला ब्राझील–जर्मनी विश्वचषक अंतिम सामना, असे टप्पे त्याच्या कारकिर्दीत आहेत.

पंचाच्या चरित्रात अशी यादी देणे सोपे असते, पण ती फारसे काही सांगत नाही. खेळाडूच्या चरित्रात गोल असतात. पंचाच्या चरित्रात इतरांचे गोल असतात. कोलिनाचे कर्तृत्व शोधायचे तर ते सामन्याआधीच्या दिवसांत शोधावे लागते. तो दोन्ही संघांच्या चित्रफिती पाहत असे. कोणता संघ बचावफळी पुढे आणून ऑफसाइडचा सापळा लावतो, कॉर्नर कोण घेतो आणि चेंडू कुठे टाकतो, कोणता खेळाडू डावखुरा, कोण लवकर चिडतो, याचा तो प्रशिक्षकाच्या चिकाटीने अभ्यास करी. आज ही तयारी पंचांच्या प्रशिक्षणाचा नेहमीचा भाग आहे. त्या काळी मात्र पंचाने नियम पाठ करावेत, शरीर कमवावे आणि कोरी पाटी घेऊन मैदानात यावे, अशीच अपेक्षा असे.

कोऱ्या पाटीची ही कल्पना 'न दिसणाऱ्या' पंचाच्या कल्पनेची सख्खी बहीण आहे. संघांविषयी आधी काही माहीत असेल तर निर्णय दूषित होईल, अशी तिच्यामागची भीती. कोलिनाच्या पद्धतीने या भीतीला दिलेले उत्तर आपल्यालाही उपयोगी पडावे असे आहे. आधी जाणून घ्यायचे ते निर्णय आधी ठरवण्यासाठी नाही, तर निर्णयाच्या क्षणी योग्य जागी उभे असण्यासाठी. चेंडू कुठे जाणार हे ज्याला अंदाजाने कळते तो तिथे वेळेवर पोहोचतो, आणि जो जवळ असतो त्याला दिसते. पूर्वज्ञान आणि पूर्वग्रह यांतला फरक इथे जितका स्वच्छ दिसतो तितका आपल्या वाङ्मयीन चर्चांत क्वचित दिसतो. पूर्वग्रह माणसाला खुर्चीत बसवून ठेवतो. पूर्वज्ञान त्याला धावायला लावते. कवीचे सगळे संग्रह वाचून नव्या कवितेकडे जाणारा वाचक आणि कवीविषयी ऐकीव मत घेऊन जाणारा वाचक, दोघांनाही 'आधीचे' काहीतरी असतेच. फरक त्या 'आधीच्या'चा उपयोग काय केला जातो, यात असतो.

२६ मे १९९९ चा बार्सिलोनातला सामना या संदर्भात आठवावा. बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून मँचेस्टर युनायटेडवर एका गोलाने आघाडीवर होते. नव्वद मिनिटे संपली, आणि भरपाईच्या वेळेत युनायटेडने दोन गोल केले. बायर्नचे खेळाडू जागच्या जागी कोसळले. त्यांचा बचावपटू सॅम्युएल कुफूर मुठींनी जमीन बडवत होता. सामना अजून संपलेला नव्हता. काही सेकंद उरले होते आणि चेंडू मध्यावरून पुन्हा सुरू व्हायचा होता. पंच म्हणून कोलिना तिथे थंडपणे घड्याळ पाहत उभा राहिला असता तरी नियमाने ते बरोबरच ठरले असते. तो त्या खेळाडूंपाशी गेला आणि त्यांना हाताने उठवू लागला. कुणाच्या बाजूने झुकणे त्यात नव्हते. सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत दोन्ही संघांचा असतो, एवढेच त्यात होते. निःपक्षपातीपणाला हात असतात, आणि ते कधी कधी पराभूताच्या काखेत घालून त्याला उभे करायचे असतात, असे त्या दृश्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

दुसरा प्रसंग १४ मे २००० चा, पेरुज्याचा. इटालियन साखळीचा शेवटचा दिवस. युव्हेंटस लात्सिओपेक्षा दोन गुणांनी पुढे होते. आठवड्यापूर्वीच पार्माविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या क्षणी युव्हेंटसवर झालेला एक गोल पंच मास्सिमो दे सान्तिस याने रद्द केला होता आणि अवघी इटली संशयाने पेटली होती. अशा वेळी मध्यंतरात पेरुज्यावर धोधो पाऊस कोसळला. मैदानाचे तळे झाले. सामना रद्द करावा तर निकाल लांबणार आणि कटाच्या कथा वाढणार. चिखलात खेळवावा तर युव्हेंटस अन्यायाची ओरड करणार. कोलिनाने तासाहून अधिक काळ वाट पाहिली. छत्री घेऊन तो मैदानात आला आणि चेंडू टाकून त्याची उसळी तपासत राहिला. हे सगळे उघड्यावर, सगळ्यांच्या देखत चालले होते. मग त्याने खेळ सुरू केला. अलेस्सांद्रो कालोरीच्या गोलाने पेरुज्या जिंकले आणि विजेतेपद एका गुणाने लात्सिओकडे गेले. त्या दिवशीचा निर्णय युव्हेंटसच्या समर्थकांनी कधी मान्य केला नाही. पण निर्णय कोणी घेतला, कसा घेतला, किती वेळ घेऊन घेतला, याविषयी कुणाला शंका घेण्यास जागा नव्हती. दिसणे ही इथे हौस नव्हती. तो पुराव्याचा भाग होता.

याउलट, इटालियन फुटबॉलला खरा कलंक लागला तो जिथे कुणी दिसत नव्हते तिथे. मे २००६ मध्ये 'काल्चोपोली' प्रकरण उघडकीस आले. मैदानातल्या शिट्टीपेक्षा दूरध्वनीवरची संभाषणे त्याच्या केंद्रस्थानी होती : कोणत्या सामन्याला कोणता पंच नेमायचा, याविषयी युव्हेंटसचा व्यवस्थापक लुचानो मोज्जी आणि पंचांच्या नेमणुका करणारे अधिकारी यांच्यातले बोलणे. युव्हेंटसची दोन विजेतेपदे गेली, संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. शिक्षा झालेल्यांत दे सान्तिसही होता. कोलिना तोवर निवृत्त झाला होता आणि आरोपींत त्याचे नाव नव्हते. २००७ मध्ये नेमणुकांचे तेच काम त्याच्याकडे सोपवण्यात आले. न्यायाची जी पायरी अदृश्य होती, तीच किडली होती, हे 'न दिसणाऱ्या' पंचाचे कौतुक करताना लक्षात ठेवलेले बरे.

अर्थात दिसण्याची किंमत असते, आणि ती सगळ्यांना परवडत नाही. उरुग्वेचा लेखक एदुआर्दो गालेआनो याने फुटबॉलवरच्या आपल्या १९९५ च्या पुस्तकात पंचाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तिथे पंच एकाच वेळी जुलमी सत्ताधीश आहे आणि सगळ्यांचा राग वाहून नेणारा बळीही आहे. २००५ च्या वसंतातली एक घटना या दोन्ही टोकांना एकत्र आणते. २३ फेब्रुवारीला बार्सिलोना–चेल्सी सामन्यात स्वीडनचा पंच अँडर्स फ्रिस्क याने चेल्सीच्या द्रोग्बाला बाहेर काढले आणि चेल्सी १–२ असे हरले. मध्यंतरात बार्सिलोनाचा प्रशिक्षक पंचाच्या खोलीत गेला होता, असा आरोप चेल्सीचा प्रशिक्षक जुझे मोरिन्यो याने केला. त्या आरोपासाठी पुढे त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली, पण तोवर फ्रिस्कच्या घरी जिवे मारण्याच्या धमक्या पोहोचल्या होत्या. बेचाळीस वर्षांच्या फ्रिस्कने मार्चमध्ये शिट्टी कायमची खाली ठेवली.

याच लढतीचा परतीचा सामना ८ मार्चला लंडनमध्ये झाला. पंच होता कोलिना. चेल्सी ४–२ असे जिंकून पुढे गेले, आणि त्यांना पुढे नेणारा जॉन टेरीचा गोल होताना चेल्सीच्याच कार्व्हाल्योने गोलरक्षक वाल्देसला अडवले, अशी बार्सिलोनाची तक्रार होती. चित्रफीत पाहिली तर ती तक्रार निराधार म्हणता येत नाही. म्हणजे एकाच लढतीत दोन पंच, दोघांचेही वादग्रस्त निर्णय. एकाला देशोधडीला लावल्यासारखे हाकलले गेले, दुसऱ्यावरचा विश्वास तसाच राहिला. यातून कोलिना अचूक होता असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की विश्वास अचूकतेवर उभा नसतो. ऑलिव्हर कान या जर्मन गोलरक्षकाचे पाहा : १९९९ ची ती बार्सिलोनातली रात्र, सप्टेंबर २००१ मध्ये इंग्लंडने म्युनिकमध्ये केलेला ५–१ असा पराभव आणि २००२ चा विश्वचषक अंतिम सामना, या तिन्ही वेळी गोलात कान होता आणि शिट्टी कोलिनाची होती. ही गोष्ट जर्मनीत विचित्र योगायोग म्हणून सांगितली जाते, कट म्हणून नव्हे. पराभूताने निकाल नाकारला तरी निकाल देणाऱ्याला नाकारू नये, ही पंचाची खरी कमाई.

इथवर मी चेहऱ्याची बाजू मांडली. आता तिच्या विरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी, कारण त्या सांगितल्याशिवाय हे स्तुतिपर लेखन होईल. पहिली : चेहऱ्याला किंमत आली की तो विकताही येतो. कोलिनाचा चेहरा जाहिरातींत आला. 'प्रो इव्होल्यूशन सॉकर ३' या व्हिडिओ गेमच्या वेष्टनावरही झळकला. २००५ मध्ये वयाची पंचेचाळीस वर्षांची मर्यादा इटालियन महासंघाने त्याच्यासाठी एका वर्षाने वाढवली. त्याच उन्हाळ्यात त्याने ओपेल या मोटार कंपनीशी जाहिरातीचा करार केला. हीच कंपनी एसी मिलान संघाचीही प्रायोजक होती. मिलानच्या छातीवर जे नाव, तेच पंचाच्या जाहिरातीत, हे पंचांच्या संघटनेला मान्य होण्यासारखे नव्हते, आणि नसावेच. २९ ऑगस्टला कोलिनाने राजीनामा दिला. आयुष्यभर दोन संघांच्या बरोबर मध्ये उभा राहिलेला माणूस अखेर एका कराराने एका बाजूला सरकल्यासारखा दिसला, ही या कारकिर्दीतली सर्वांत बोचरी गोष्ट. पंचाचा चेहरा ही त्याची खासगी मालमत्ता नसते. ती दोन्ही संघांची ठेव असते.

दुसरी गोष्ट त्याच्या अगदी अखेरच्या मोठ्या सामन्याची. राजीनाम्याच्या पाच दिवस आधी, २४ ऑगस्ट २००५ रोजी, व्हियारेआल–एव्हर्टन ही चॅम्पियन्स लीगची पात्रता लढत त्याच्याकडे होती. एव्हर्टनच्या डंकन फर्ग्युसनने हेडर मारून केलेला, लढत बरोबरीत आणणारा गोल कोलिनाने रद्द केला. कशासाठी, हे मैदानावरच्या बहुतेकांना तेव्हा उमगले नाही. एव्हर्टनच्या चाहत्यांना तो गोल आजही सलतो. चूक झाली असे समजून गप्प बसता आले असते. कारण न कळल्यामुळे गप्प बसता येत नाही. नुसता चेहरा पुरेसा नसतो, हे या प्रसंगाने दाखवले. चेहऱ्यामागे कारण असावे लागते आणि ते कारण बोलून दाखवावे लागते. 'निवाडा' हा शब्द 'निवडणे' या क्रियापदाच्या घरातला आहे. सुपात दाणे आणि खडे वेगळे करताना बाजूला काय काढले ते समोरच्याला दिसते. तसे ते दिसत नसेल तर तो हुकूम होतो, निवाडा होत नाही.

यानंतरचा इतिहास या दृष्टीने विलक्षण आहे. कोलिना २०१० पासून युएफाच्या पंचांचा प्रमुख झाला आणि २०१७ मध्ये फिफाच्या पंच समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. म्हणजे ज्या विश्वचषकात, २०१८ मध्ये, व्हिडिओ सहायक पंच अर्थात 'व्हीएआर' प्रथम वापरले गेले, त्याच्या पंचव्यवस्थेची सूत्रे याच माणसाकडे होती. एका चेहऱ्याच्या जोरावर जगलेला पंच न्यायाचा एक भाग पडद्यांनी भरलेल्या खोलीत नेऊन ठेवत होता. १८९१ मध्ये बाहेरून आत आलेला रेफरी सव्वाशे वर्षांनी अंशतः पुन्हा बाहेर गेला. आपल्या भाषेत बोलायचे तर पंच पुन्हा अनेकवचनी झाला. पाच मुखे परत आली, फक्त ती दिसेनाशी झाली.

व्हीएआरला नुसता विरोध करणे मला पटत नाही. जी चूक घरबसल्या कोट्यवधींना दिसते ती एकट्या पंचाला दिसू नये, हा त्याच्यावरचाच अन्याय होता. शिवाय ही यंत्रणा सगळीकडे हात घालत नाही : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा, अशा मोजक्याच बाबतींत, आणि चूक ढळढळीत असेल तरच तिने बोलायचे, अंतिम निर्णय मैदानावरच्या पंचाचाच. पण तिने आणलेला एक प्रश्न आपल्या अभ्यासक्षेत्राला जवळचा आहे. २०१८ च्या अंतिम सामन्यात बरोबरी असताना क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचा पंच नेस्तोर पिताना पडद्यापाशी गेला, पाहून निघाला, पुन्हा मागे वळून पाहू लागला आणि मग त्याने फ्रान्सला पेनल्टी दिली. तो का घुटमळला? संथ गतीत पाहिलेली प्रत्येक हालचाल हेतुपुरस्सर वाटते. हात चेंडूकडे गेला की चेंडू हाताकडे आला, हे जितके हळू पाहावे तितके हात दोषी दिसू लागतो. म्हणूनच व्हीएआरची नियमावली सांगते की स्पर्श कुठे झाला हे पाहायला संथ गती वापरावी, पण कृतीची तीव्रता किंवा हाताने चेंडू खेळल्याचा दोष ठरवताना मूळ गतीत पाहावे. सूक्ष्मवाचनाच्या नादात एखाद्या ओळीतल्या प्रत्येक अक्षराला कवीचा हेतू चिकटवणाऱ्या आपल्या लेखांना हा नियम लावला तर किती लेख उरतील? जवळून पाहणे आणि नीट पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यंत्रणा आल्यावर चुका कमी झाल्या असतील. भांडणे कमी झाली नाहीत. मैदानात बसलेल्या प्रेक्षकाला तर काय चालले आहे हेच कळेनासे झाले : पंच कानाला हात लावून उभा, सारे स्टेडियम थांबलेले आणि मग कुठूनतरी आलेला निर्णय. कारण होते, पण ते सांगणारा आवाज नव्हता. यावरचा उपाय २०२३ मध्ये सापडला, आणि तो जुनाच होता. त्या वर्षीच्या महिला विश्वचषकात पडद्यावर पाहून निर्णय बदलला की पंचाने ध्वनिवर्धकावरून तो स्टेडियमला सांगायचा, अशी पद्धत आली. न्यूझीलंड–नॉर्वे या उद्घाटनाच्या सामन्यात जपानची पंच योशिमी यामाशिता हिने अशा रीतीने पेनल्टी का दिली ते सर्वांसमक्ष सांगितले. एव्हर्टनच्या चाहत्यांना २००५ मध्ये जे मिळाले नव्हते, ते ऑकलंडच्या प्रेक्षकांना मिळाले. खोलीतल्या साऱ्या पडद्यांना अखेर मैदानात उभ्या असलेल्या एका माणसाच्या आवाजाची गरज पडली.

आपल्या क्षेत्रात पुरस्कार समित्यांचे निकाल दोन ओळींत जाहीर होतात, हस्तलिखिते कारण न देता परत येतात, उत्तरपत्रिकेवर आकडा असतो आणि शेरा नसतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी गुप्ततेचे समर्थन निःपक्षपातीपणाच्या नावाने केले जाते. नाव झाकणे काही वेळा आवश्यक असते, हे मान्य. लेखकाचे नाव परीक्षकापासून झाकावे, यात शहाणपण आहे. पण निर्णय देणाऱ्याचे नाव आणि त्याचे कारण दोन्ही झाकून जे उरते त्याला वस्तुनिष्ठता म्हणण्याची सवय आपण सोडायला हवी. ज्या समीक्षकाचे मत आपल्याला पटत नाही तरीही ज्याच्याकडे आपण पुन्हा जातो, तो आठवून पाहावा. त्याने संहितेचा अभ्यास केलेला असतो, तो निर्णयाच्या जागेपर्यंत स्वतः धावत गेलेला असतो, त्याने कारण दिलेले असते, आणि खाली सही केलेली असते. तो चुकतोही. त्याच्या चुकीशी भांडता येते, कारण भांडायला समोर कुणीतरी असते.

उत्तम पंच तो, जो दिसत नाही, हे वाक्य म्हणूनच थोडे दुरुस्त करून घ्यावे लागेल. खेळ चालू असताना पंच दिसू नये, हे ठीक. पण शिट्टी वाजल्यावर ती कोणी वाजवली हे दिसलेच पाहिजे, आणि का वाजवली हे ऐकूही आले पाहिजे.